बिबट्याने नेलेली सून

नोकरीत असताना माझी एक सवय घरच्यांना फार खुपायची. कुणी आपणहून काही सांगायला आलं की मी आधी त्याच्या पायांकडे बघायचे. चपलेला माती कसली लागलीय, माणूस कुठून आल्याचं सांगतोय आणि खरा कुठून आलाय, हे मनात चालू व्हायचं. एकदा नात्यातलेच एक गृहस्थ मुलीच्या लग्नाची पत्रिका घेऊन आले. त्यांना मी इतके प्रश्न विचारले की ते गेल्यावर आमचे हे म्हणाले, "अगं, आमंत्रण द्यायला आले होते ते. सागवान न्यायला नव्हते आले."

वनरक्षक म्हणून लागले आणि वनपाल म्हणून निवृत्त झाले. सगळी नोकरी सातपुड्याच्या पायथ्याशी, चोपड्याच्या बाजूला. वनरक्षकाकडे जंगलाचा एक तुकडा असतो, त्याला बीट म्हणतात. अशा काही बीटांवर मिळून एक वनपाल. लोकांना वाटतं, आम्ही दिवसभर वाघ-बिबटे बघत हिंडतो. वाघ-बिबट्यांचं आमच्याशी काही वाकडं नसतं. आमचं सगळं काम माणसांशी. एकदा सायरन वाजवत आलेली रुग्णवाहिका मी नाक्यावर थांबवली होती, तेव्हा लोक मला शिव्या घालत होते. आत पेशंट होता, सलाइन लावलेलं होतं, बायको रडत होती. फक्त सलाइनची नळी हातात न जाता चादरीखाली नुसतीच सोडलेली होती आणि पेशंटच्या खाली सागाच्या फळ्या होत्या. वणवा लागल्यावर सगळ्यांत आधी पाण्याचा टँकर घेऊन धावत येणाऱ्या भल्या माणसालाही आम्ही बाजूला घेऊन विचारायचो, "भाऊ, तुम्हाला इतक्या लवकर कसं कळलं?" कधी तो खरोखरच भला असायचा. मग दुखावून जायचा. त्याला माझा इलाज नव्हता.

हे सांगतेय ते अशासाठी, की वैशालीच्या प्रकरणात मी कुणावरच विश्वास का ठेवला नाही ते तुम्हाला समजावं.

सकाळी सरपंचांचा फोन आला. त्यांना गाव दगा आबा म्हणतं. "मॅडम, लवकर या. गोकुळनी बायकोले बिबट्या लई गया."

गाव जंगलाला लागूनच. एका बाजूला डोंगर, दुसऱ्या बाजूला केळीच्या बागा आणि मधून नाला. माझ्याबरोबर वनरक्षक जगन पावरा होता. आम्ही पोचलो तेव्हा नाल्यावर अख्खं गाव जमलं होतं. गवताचा अर्धा भारा, विळा, एक जुनी झिजलेली चप्पल. बाभळीच्या काट्याला साडीचा फाटका तुकडा, खालच्या दगडांवर रक्त. वैशाली भल्या सकाळी गवताला गेली आणि परत आली नाही, असं घरच्यांचं म्हणणं.

तिचा नवरा गोकुळ ट्रॅक्टर चालवायचा. तो छाती बडवून ओरडत होता. मी मोबाइलवर जागेचे फोटो घ्यायला लागले तसा माझ्या अंगावर आला. "मनी बायको खादी त्यानी! आते काय फोटो काढतस?"

मी त्याच्याकडे दुर्लक्ष केलं आणि वाळूत उतरले. ठसे होते. बिबट्याचेच होते. जगनही मान हलवून म्हणाला, "तीच मादी आहे, मॅडम." ही मादी आमच्या ओळखीची. केळीच्या बागेत तिने दोन पिल्लं घातली होती, आमच्या कॅमेऱ्यांत ती कितीदा आली होती. पण ठसे पाण्याच्या काठाने सावकाश चालत गेलेले होते आणि त्यांच्यावरून किड्यांच्या रेघा गेल्या होत्या. म्हणजे आदल्या संध्याकाळचे. बिबट्या माणूस ओढत नेतो तेव्हा जमिनीवर नांगर फिरवल्यासारखी खूण राहते. इथे गवताचं पातंही मोडलेलं नव्हतं. साडीचा तुकडा जवळून बघितला. कड आधी विळ्याने सरळ कापलेली होती आणि मग हाताने फाडलेली.

माझ्या मनात एकच आलं. हिला घरात मारलंय आणि नाव बिबट्यावर टाकलंय.

गर्दीत बायकांच्या घोळक्यात गोकुळची आई बसली होती. मथुराबाई. गावात मथुराअक्का. पदर कपाळावर ओढलेला, डोळे कोरडे. शेजारच्या बाया हुंदके देत होत्या आणि ही जमिनीकडे बघत काडीने माती उकरत होती. मी जगनला हळूच म्हटलं, "म्हातारीवर लक्ष ठेव."

दिवसभर आम्ही बाग न् बाग, कपार न् कपार शोधली. पोलिसांनी विहिरीत गळ टाकले. काहीच मिळालं नाही. केळी कापणारे मजूर बागेत शिरायला तयार होईनात. माल झाडावर पिकतोय म्हणून बागवाले वरपर्यंत फोन करायला लागले. दगा आबा म्हणाले, "पिंजरा लावा नाहीतर गाव ऐकणार नाही." मी साहेबांना माझा संशय सांगितला. ते म्हणाले, "तुमचा संशय बरोबर असेलही. पण आज गावाला शांत करायचंय. पिंजरा लावा." संध्याकाळी नाल्याच्या कडेला पिंजरा लागला, आत शेळी बांधली. मादी निर्दोष आहे हे माहीत असून मी स्वतः उभी राहून तो लावून घेतला.

दुसऱ्या दिवशी मी चौकशीला निघाले. शेजारणींतली एक म्हणाली, एकदा गोकुळने वैशालीला मारता मारता विहिरीच्या काठापर्यंत नेलं होतं. ती दोनदा माहेरी निघून गेली. दोन्ही वेळा दगा आबांनी चार माणसं पाठवून तिला समजूत घालून परत आणली. "गावनी इज्जत," असं ते म्हणाले होते. माझा संशय घट्ट होत चालला.

स्टँडवर हिराशेठचं कापडाचं दुकान आहे. घराणं मूळ राजस्थानचं, पण पिढ्यान्‌पिढ्या इथलंच. कोण काय नेतं ते शेठला पाठ. मी पाणी प्यायला थांबले तर ते गल्ल्यावरून वाकून हळूच म्हणाले, "मॅडम, मी दुकानदार माणूस, मला कशात पाडू नका. पण मथुराअक्का परवा माझ्याकडून पंजाबी ड्रेस घेऊन गेली. म्हणते भाचीसाठी. अक्काला भाऊ नाही, बहीण नाही. भाची कुठून आली?"

मी तशीच मथुराबाईंच्या घरी गेले. गोकुळ पोलिस ठाण्यात होता. मी वैशालीच्या वस्तू बघायला मागितल्या. साड्या होत्या, बांगड्या होत्या, पावडरचा डबा होता. दारात चपला ठेवायच्या फळीवर मात्र तिची एकही चप्पल नव्हती.

"अक्का, वैशालीच्या चांगल्या चपला कुठे आहेत?"

"माले काय माहीत."

"नाल्यावर सापडली ती जुनी, गोठ्यातली. बाहेरगावी जायच्या कुठे गेल्या?"

मथुराबाई उठल्या आणि गोठ्यात गेल्या. मी मागोमाग गेले. त्यांनी भिंतीपलीकडे वाकून बघितलं, मग म्हशीच्या आडोशाला उभ्या राहून अगदी हलक्या आवाजात म्हणाल्या, "मनी वऊ जित्ती शे, मॅडम."

सून जिवंत आहे, असं सांगून त्या पुढे बोलत राहिल्या.

रक्त घरच्या कोंबडीचं होतं. साडी त्यांनीच फाडली, गवत त्यांनीच कापलं. अंधार सरायच्या आधी सुनेला नवा ड्रेस घालून, तोंडाला ओढणी बांधून मागच्या वाटेने रस्त्यापर्यंत पोचवून आल्या आणि मग नाल्यावर गेल्या. मी विचारलं, "पण बिबट्या कशाला मध्ये आणला? ती नुसतीच निघून गेली असती."

त्यांनी माझ्याकडे असं बघितलं, जसं काही मी या जगात राहतच नाही. "मायेरले गयी ते लोके परत लई येतस. दोनदा लई उनात. मरेल बाईले लेवाले कोनी जात नही."

मेलेल्या बाईला परत आणायला कुणी जात नाही. मी या वाक्यापाशी फार वेळ थांबले असते. पण माझ्यातली वनपाल जागी होती. सून मारून टाकणारी सासूही नेमकं हेच सांगेल, असं ती म्हणत होती.

"ती कुठे आहे?"

"नही सांगनार. तुमी सरकारी मानसं. आज तुमले सांगं, उद्या गोकुळले समजी."

"ती मला डोळ्यांनी दिसल्याशिवाय मी तुमच्यावर विश्वास ठेवणार नाही, अक्का."

"मंग नका ठेवा," त्या म्हणाल्या आणि म्हशीला वैरण टाकायला लागल्या.

माझा मथुराबाईंवर विश्वास नाही, त्यांचा माझ्यावर नाही. मी घरी आले ते हा विचार करत, की पोलिसांना आत्ता सांगावं की सकाळी. सकाळी सांगायचं ठरवलं. तोवर उशीर झाला. मादी पिंजऱ्यात अडकली होती.

आम्ही पोचलो तेव्हा पिंजऱ्याभोवती माणसंच माणसं. हातात काठ्या, कुऱ्हाडी आणि मोबाइल. मादी गजांवर धडका देत होती, तोंडातून रक्त येत होतं. बागेतून पिल्लांचा आवाज येत होता, मांजरीच्या पिल्लांसारखाच, जरा घोगरा. बचाव पथक जळगावहून निघालं होतं. जागेवर मी, जगन आणि दोन पोलिस शिपाई. गोकुळ पुढे होता. त्याच्या हातात डिझेलचा कॅन होता.

मी पिंजऱ्याला पाठ लावून उभी राहिले. जगन दुसऱ्या बाजूला. मागून मादीचा गरम श्वास माझ्या पाठीला लागत होता. पुढून माणसं सरकत होती. त्या दोन्हींत मला भीती कशाची वाटत होती, हे सांगायची गरज नाही.

"बाजूला व्हा मॅडम, नाहीतर तुमच्यासकट पेटवू," कुणीतरी ओरडलं. गोकुळने कॅनचं झाकण काढलं. दगा आबा लांब उभे होते, थांबवत नव्हते.

एकच वाक्य हे सगळं थांबवू शकत होतं. आणि ते वाक्य मी बोलले असते, तर त्याच संध्याकाळी गोकुळ आणि त्याचे चार दोस्त गाड्या काढून वैशालीला शोधायला निघाले असते. जिवंत असेल तर. नसेल, तर मी एका खुनी बाईची थाप गावभर पसरवली असती. मी हे सगळं नीट तोलून ठरवलं असं म्हणणार नाही. डिझेलचे थेंब माझ्या बुटांवर पडले आणि माझं तोंड उघडलं. "ऐका! वैशाली..."

"सोडा त्या जनावरले!"

मथुराबाई. बायकांच्या गर्दीतून त्या पुढे आल्या. पदर खांद्यावर घसरलेला, त्यांना मी पहिल्यांदाच उघड्या डोक्याने पाहत होते. त्या माझ्याकडे बघत होत्या. माझ्या तोंडाकडे. मी काय बोलणार आहे हे त्यांनी ओळखलं होतं.

"त्यानी काही करं नही. वऊले मी मारं. मी!"

कॅन गोकुळच्या हातातून खाली पडला. मला वाटलं आता तो विचारेल, का मारलंस, कुठे आहे ती. तो म्हणाला, "आते लोकेसले काय तोंड दखाडू मी?"

पोलिसांनी मथुराबाईंना गाडीत बसवलं. पथक आलं, पिंजरा गेला. लोकांनी सगळं मोबाइलवर घेतलं होतं. आम्ही नाक्यापर्यंत पोचेस्तोवर ते चित्रण आमच्याच फोनवर आलं.

जीपमध्ये जगनने विचारलं, "खरंच मारलं असेल का, मॅडम?"

म्हातारी गोठ्यात म्हणाली जिवंत आहे, गावासमोर म्हणाली मी मारलं. खरं कोणतं? गोठ्यात फसवायला मी एकटी होते. गावासमोर फासाची दोरी होती. माणूस खोटं बोलतो ते सुटायला. अडकायला कोण खोटं बोलतं? विचार करता करता मला तिची कबुलीच जास्त खरी वाटायला लागली, आणि असं वाटतंय याचा मला राग आला.

ठाण्यावर एक तरुण फौजदार बाई होत्या. मी त्यांना एकटीला गाठून गोठ्यातलं बोलणं सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "मॅडम, दोन्ही गोष्टी तिनेच सांगितल्यात. तुम्हाला आवडली म्हणून पहिली खरी कशी धरू?" बरोबर होतं. मी त्यांच्या जागी असते तर हेच बोलले असते. मथुराबाई विचारलं की एवढंच सांगत, "नदीमा टाकं." कुठे, कधी, कुणाच्या मदतीने, काही नाही. पोलिसांनी गोठ्यामागची जमीन खणायला घेतली. मी तिथे जाऊन उभी राहिले. काही निघालं नाही, तरी माझा संशय काही फिटला नाही.

दुसऱ्या दिवशी दुपारी माझा जबाब लिहून घ्यायला मला ठाण्यात बोलावलं होतं. मी बाकावर बसले होते. फाटकातून एक बाई आत आली. पंजाबी ड्रेस, ओढणीने बांधलेलं तोंड. सवयीने माझी नजर खाली गेली. पायांत बाहेरगावी जायच्या चपला होत्या.

तिने ओढणी सोडली. गळ्याजवळ जुना डाग होता, भाजल्यासारखा. "मी वैशाली," ती दारातल्या शिपायाला म्हणाली. "मला कुणी मारलेलं नाही. माझ्या सासूला सोडा."

ती दोंडाईच्याला शाळेतल्या मैत्रिणीकडे लपली होती. मैत्रिणीच्या मोबाइलवर ते चित्रण तिने पाहिलं, आणि मिळेल त्या गाडीने निघाली.

फौजदार बाईंनी मथुराबाईंना बाहेर आणलं. मी दारातच होते. मला वाटलं दोघी एकमेकींच्या गळ्यात पडतील. मथुराबाई सुनेला बघून संतापल्या. दोन्ही हात हवेत उडवून ओरडल्या, "काबर उनी तू? इतकं करं मी, आनि तू चालत परत उनी?"

वैशाली जागची हलली नाही. म्हणाली, "तुमले आठे बसाडीसन मी तठे कशी ऱ्हाऊ, माय?"

तेव्हा मथुराबाई रडल्या. नाल्यावर कोरडे राहिलेले, गावापुढे कोरडे राहिलेले ते डोळे ठाण्याच्या पायरीवर वाहायला लागले. खाली बसल्या आणि सुनेचा पाय धरून रडल्या. फौजदार बाई फाटकाकडे बघायला लागल्या. मी माझ्या टोपीचा पट्टा सारखा करत बसले.

पुढचं कायद्याने झालं. सज्ञान बाई स्वतःच्या मर्जीने घर सोडून गेली, असा जबाब झाला. पत्ता नवऱ्याला द्यायचा नाही, असंही तिने लिहून दिलं. गोकुळवर गुन्हा दाखल झाला, बायकोला छळल्याचा एक आणि आमच्या अंगावर डिझेल घेऊन आल्याचा दुसरा. खोटी खबर दिली म्हणून मथुराबाईंना समज मिळाली. गोठ्यातलं बोलणं लगेच का कळवलं नाही, अशी मलाही वरून विचारणा झाली. मी जे खरं ते सांगितलं, की माझा विश्वास बसला नव्हता. साहेबांना ते पटलं. मला अजून पुरतं पटलेलं नाही.

मादीचा एक सुळा गज चावताना तुटला होता. डॉक्टरांनी तपासलं, परवानगी आली आणि दिवस मावळताना आम्ही तिला त्याच नाल्यावर सोडलं. दार उघडल्यावर ती वाकडीतिकडी धावत बागेत शिरली. पुढे कॅमेऱ्यात ती दिसली, मागे एक पिल्लू होतं. दुसरं पुन्हा कधी दिसलं नाही. ज्या गुन्ह्यात ती कुठेच नव्हती त्याची शिक्षा तेवढी तिला झाली.

दगा आबा माझ्याशी बोलायचे बंद झाले. एकदा रस्त्यात भेटले तर दुसरीकडे बघत म्हणाले, "तुम्ही बायांनी मिळून गावाचं नाव घालवलं." मी म्हटलं, "आबा, दोनदा तिला परत आणली तेव्हा कुणाचं नाव राखलं?" ते पुढे निघून गेले.

मथुराबाई गावात राहिल्या नाहीत. सुनेकडे गेल्या. वैशालीला नरडाण्याला कारखान्यात काम लागलं, दोघी तिथेच खोली घेऊन राहतात.

निवृत्तीच्या थोडं आधी गोकुळ माझ्या ऑफिसात आला होता. दाढी केलेली, कपडे स्वच्छ, हातात केळीची फणी. म्हणाला, दारू सोडली, आईच्या पाया पडायचंय, फक्त कुठे आहेत तेवढं सांगा. डोळ्यांत पाणी होतं. खरंही असेल. माणसं बदलतात, असं मी ऐकून आहे. मी त्याला चहा पाजला, फणी परत दिली आणि माहीत नाही म्हणून सांगितलं. तो गेल्यावर जगन म्हणाला, "बिचारा खरंच सुधारलेला वाटतो, मॅडम." मी म्हटलं, "असेल. पण तो अजून शोधतोय."

हे दिवाळी अंकासाठी लिहितेय, आणि दिवाळी अंक कुणाच्याही हातात पडतो. न्हाव्याच्या दुकानात, दवाखान्यात, एसटीच्या बाकावर कुणीही उघडून वाचतं. म्हणून नावं बदललीत, हे तुम्ही ओळखलंच असेल. गावंही बदललीत. ना दोंडाईचा खरं, ना नरडाणा. गोकुळ, तू हे वाचत असशील, तर तिकडे जाऊन उगाच दारं ठोठावू नकोस. त्या दोघी तिथे नाहीत.